रुपरावांचे तळपाय

माणसाला आज्ञा मोडायची असेल, तर आधी ती कुणीतरी द्यावी लागते. रुपराव भोयरांचं सगळं गणित इथंच चुकलं. कोराडीच्या वीजकेंद्रात उभी नोकरी काढलेला माणूस. साहेबानं सांगायचं, आपण "हाव साहेब" म्हणायचं आणि साहेबाची पाठ वळली की आपल्याला हवं तेच करायचं, या पद्धतीनं त्यांनी वीज तयार केली आणि संसारही केला. निवृत्त होऊन मानकापूरला स्वतःच्या घरात राहायला आले, तेव्हा वाटलं होतं की उरलेलं आयुष्य दिवाणावर पडून पेपर वाचण्यात आणि नातेवाइकांच्या लग्नांत जेवण्यात निघून जाईल. तेवढ्यात शुगर निघाली.

आमच्याकडे शुगर होत नाही, निघते. विहीर खोदताना खडक निघावा तशी. कुणीतरी सहज म्हणून रक्त तपासायला देतो आणि निघते. रुपरावांची चांगली तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी रिपोर्टकडे पाहिलं, रुपरावांकडे पाहायला त्यांना वेळ नव्हता, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "खाली दामिनी सिस्टरला भेटून जा."

दामिनी सिस्टरची खोली जिन्याखाली होती. शुगरच्या पेशंटांना शुगरसोबत राहायला शिकवणं, एवढंच तिचं काम. रुपराव मनाची पुरती तयारी करून आत शिरले. आता ही सांगणार: भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, पहाटे उठा. आपण प्रत्येक वाक्याला मान हलवायची आणि मग गेटवरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायचे. सगळं ठरलेलं होतं.

सिस्टरनं पंखा त्यांच्याकडे वळवला आणि विचारलं, "काकाजी, यातलं तुमाले काय जमन, ते तुमीच सांगा."

"म्हंजे?"

"म्हंजे मी सांगून काय उपयोग? मी सांगन, तुमी हाव म्हणसान, अन् गेटवर जाऊन पोहे खासान."

रुपराव चपापले. शंका आली की ठेलेवाल्यानं आधीच चुगली केली असावी. पण त्याहून मोठी पंचाईत अशी, की उभ्या जन्मात कुणी त्यांना "तुम्हाला काय जमेल" असं विचारलंच नव्हतं. आईनं नाही, साहेबानं नाही, बायकोनं तर नाहीच. त्यामुळे उत्तराची सवय नव्हती. शेवटी घाम पुसत रुपराव म्हणाले, "गोड सोडतो."

"सगळं?"

"सगळं."

"काकाजी, सगळं नोका सोडू. एक सोडा. टिकन असं."

हे रुपरावांना झोंबलं. "सिस्टर, भोयराच्या घरात एकदा शब्द गेला का गेला."

"बरं. मंग तुमच्या वाटचं गोड कुठी जाईन?"

"ते पाहतीन घरचे," रुपराव म्हणाले. त्यांना तो प्रश्न अगदीच बायकी वाटला.

मग सिस्टरनं त्यांचे पाय स्टुलावर घेतले. परक्या बाईनं आपल्या पायांना हात लावावा, याचाच त्यांना इतका संकोच झाला की तिनं सांगायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले. सिस्टरकडे नायलॉनचा एक बारीक दोरा होता. "तळपायाले दोरा टेकला का हाव म्हणा," ती म्हणाली. परीक्षा म्हटल्यावर रुपरावांनी कंबर कसली. "हाव," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत, "हाव." मग जरा जोरात, "हाव!" एकही चूक न करता आपण पास होतोय, या खुशीत त्यांनी डोळे उघडले. सिस्टर दोरा हातात धरून शांत बसली होती.

"काकाजी, मी अजून टेकवलाच नाई."

त्यानंतर तिनं खरोखर टेकवला, तर डाव्या पायाला तीन ठिकाणी रुपरावांना काहीच कळलं नाही. सिस्टर म्हणाली, "बाकी सारं तुमी ठरवा. एक गोष्ट मी ठरवते. अनवाणी चालाचं नाई. घरातबी नाई. अन् रोज आरशात तळपाय पाहाचे."

आज्ञा मिळाली म्हणून रुपरावांना हायसं वाटलं. ही मोडायची, असं मनाशी ठरवत ते बाहेर आले, तर बाकावर वीजकेंद्रातले जुने ऑपरेटर दादाजी बसलेले. पायाला भलंमोठं बँडेज.

"खिळा होता गा," दादाजी मजेत म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. "दिवसभर पायात घेऊन फिरलो. दुखलाच नाई ना! दोन बोटं काढली."

रुपराव ठेल्यावर न थांबता घरी आले.

इथून पुढे जे सुरू झालं त्याला पथ्य म्हणतात, पण ते प्रत्यक्षात घरभर पसरलेलं एक युद्ध होतं. पहिली चकमक चपलांवरून. बायकोच्या, म्हणजे प्रेमिलाबाईंच्या, घरात चप्पल उंबऱ्याच्या आत आलेली कुणी पाहिली नव्हती. "सैपाकघरात चप्पल? देवासमोर चप्पल?" म्हणून त्या जमिनीवर बसल्याच. शेवटी तह झाला. बैठकीत निळी स्लीपर, स्वयंपाकघराच्या दाराशी पांढरी, आणि देवघरासमोर चप्पल नाहीच, तिथे लोकरीचे मोजे. पाणी प्यायला उठावं तर रुपरावांना कोराडीत शिफ्ट बदलताना लागायची नाही इतकी तयारी लागे. चौथ्या दिवशी मोज्यांवरून फरशीवर घसरून ते थेट देव्हाऱ्यापुढे साष्टांग पडले. प्रेमिलाबाईंनी ते भक्तीत धरलं.

दुसरी चकमक आरशाची. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवायचा, खुर्चीत बसायचं आणि पाय वर धरून तळवा न्याहाळायचा. हे करताना एकदा शेजारच्या सिंधूताई वाटी परत द्यायला आल्या आणि दारातूनच मागे फिरल्या. संध्याकाळपर्यंत भजनी मंडळात बातमी होती, की भोयरकाका स्वतःच्या पायाशी बोलतात.

सल्ला देणाऱ्यांना तर ऊत आला. समोरचे गोपाळराव म्हणजे चालतंबोलतं औषधालय. त्यांना स्वतःला कुठलाच आजार नाही, त्यामुळे सगळ्या आजारांचा अभ्यास करायला वेळ भरपूर. "रुपरावजी, कारल्याचा रस घ्या, अन् बगीच्यात उलटं चाला. उलटं चाललं का शुगर उलटी फिरते." रुपरावांनी एकदाच उलटं चालून पाहिलं. शाळेतल्या मुलींनी नुकतीच पूर्ण केलेली रांगोळी पार करून ते माळ्याच्या पाण्याच्या टाकीत बसले. गोपाळरावांनी निष्कर्ष काढला की वेग जास्त झाला.

पण गोड मात्र रुपरावांनी सोडलं म्हणजे सोडलं. आणि त्यांच्या वाटचं गोड जिथं जायचं तिथं जात राहिलं. प्रेमिलाबाई पारशिवनीकडच्या शेतकऱ्याच्या लेक. अन्न टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. सकाळी सवयीनं त्यांच्याकडून दोन्ही कपांत साखर पडे. मग आठवे. मग स्वतःचा कप प्यायच्या, त्यांचाही प्यायच्या आणि त्यांच्यासाठी फिका नव्यानं ठेवायच्या. ऋषिकेश, म्हणजे यांचा मुलगा, हिंगण्याच्या कंपनीतून बढतीची संत्रा बर्फी घेऊन आला. बापानं तोंड फिरवलं, तसा बापाचा वाटा आईनं खाल्ला. लग्नाच्या पंगतीत रुपरावांच्या ताटातली जिलेबी त्यांच्या ताटात सरके. "टाकू काय मंग? अन्न हाये," असं म्हणून त्या घास घ्यायच्या. रुपरावांना बायकोचं हे सहकार्य पाहून भरून यायचं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर उतरली होती! दामिनी सिस्टरनं स्वतः उठून अभिनंदन केलं. रुपराव घरी आले ते साहेबाची खुर्ची मिळाल्यासारखे. प्रेमिलाबाईंनी रिपोर्ट देवापुढे ठेवला, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "पावली गं माय. आता नवरात्रात तुमाले कोराडीच्या देवीले जावं लागन जी."

"जाऊ ना. ऋषिकेशच्या गाडीनं जाऊ."

"गाडीनं नाई. अनवाणी. घरून पायी. मी बोलली होती देवीले. यायची शुगर उतरू दे, हे अनवाणी चालत येतीन."

रुपराव निळ्या स्लीपरमध्ये जागच्या जागी उभे राहिले. "नवस तू बोलली, अन् पाय माहे?"

"संसारात तुहं-माहं असते काय जी?"

या वाक्याला नवऱ्याजातीकडे आजवर उत्तर नाही. रुपरावांनी दामिनी सिस्टरचं नाव सांगितलं, दोऱ्याची परीक्षा सांगितली, दादाजींची बोटं सांगितली. प्रेमिलाबाई शांतपणे म्हणाल्या, "देवीनं उतरवली. नवस नाई फेडला अन् परत चढली, तं मंग?" त्या खरंच घाबरल्या होत्या, हे रुपरावांना दिसत होतं. पण दादाजींचं ते बँडेजही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एका बाजूला बायकोचा जीव टांगणीला, दुसऱ्या बाजूला आपली बोटं. त्या आठवड्यात रुपराव रोज आरशात तळपाय पाहायचे ते निरोप घेतल्यासारखे.

प्रश्न धार्मिक असल्यानं कॉलनीनं तो आपल्याकडे घेतला. गोपाळराव म्हणाले, "सोपं हाये. स्कूटरवर मागे बसा, अनवाणी. पाय अनवाणीच राह्यले ना?" सिंधूताईंनी हा तोडगा फेटाळला, देवी काही आरटीओ नाही, असं त्यांचं म्हणणं. मग गोपाळराव चपलेचे पट्टे कापून नुसता तळ पायाला चिकटपट्टीनं बांधायची कल्पना घेऊन आले. वरून अनवाणी, खालून चप्पल. रुपराव अंगणात दोन पावलं चालले आणि पट्टी सुटून तुळशीच्या कुंडीवर गेले. कुंडी फुटली. आता नवसात एक अपशकुनही जमा झाला.

शेवटी रुपरावांना वीजकेंद्रातला जुना उपाय आठवला: कागद. कागद आणला की बोलणं खुंटतं. ते दवाखान्याच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, "अनवाणी चालू नये, असं सर्टिफिकेट पाहिजे."

"फिटनेसचं भेटते," खिडकीतला माणूस म्हणाला.

"अनफिटचं पाहिजे."

"अनफिट कायच्यासाठी?"

"नवसासाठी."

त्या माणसानं पहिल्यांदाच मान वर केली. "कोणत्या ऑफिसात जमा कराचं हाये?"

रुपराव घुटमळले. देवी म्हणावं तर हा हसेल, बायको म्हणावं तर आपलीच अब्रू जाईल. "घरगुती हाये," ते म्हणाले. त्यावर खिडकीनं सांगितलं की घरगुती सर्टिफिकेटचा नमुना उपलब्ध नाही, वरच्या मजल्यावर विचारा. वरच्या मजल्यानं आधारकार्डाची झेरॉक्स मागितली. झेरॉक्सवाला नवरात्राच्या वर्गणीला गेला होता. तो परत येईपर्यंत वरच्या मजल्याची जेवणाची सुट्टी झाली. दमून रुपराव जिन्यावर बसले, तर खालून दामिनी सिस्टरनं त्यांना पाहिलं.

सगळं ऐकून ती हसली नाही, ही तिची मोठी गोष्ट. "कागद काय, मी आत्ता लिहून देईन. पण काकू कागदाचं ऐकतीन काय? त्यायलेच एकदा घेऊन या ना काकाजी."

"तिले काय झालं? ती ठणठणीत हाये," रुपराव म्हणाले आणि कागद न घेताच निघाले. कागदाचं प्रेमिलाबाई ऐकणार नाहीत, हे सिस्टरनंच तोंडावर म्हटल्यावर घेण्यात अर्थ नव्हता.

पण घरी आल्यावर त्यांचा चेहरा पाहून प्रेमिलाबाईच म्हणाल्या, "राहू द्या. बोलली मी, तं चालन मी. तुमी चपला घालून संगं चला. देवी बायकोचं मन समजते."

रुपरावांच्या मनावरचा दगड उतरला. मग लगेच, दगड इतक्या सहज उतरला याची लाज वाटली. त्यांनी "तू काहून चालतं वं, राहू दे" असं म्हणून पाहिलं, पण फार जोर लावून म्हटलं नाही.

पंचमीच्या सकाळी निघाले. कोराडी रोडवर माणसंच माणसं. कडेकडेनं कोळशाचे ट्रक, मधून बायका, पोरं, झेंडे. रुपराव नव्या जाड तळाच्या बुटांत, बाजूला प्रेमिलाबाई अनवाणी. जागोजागी मंडळांचे मांडव होते, सरबत, साबुदाण्याची उसळ, गोड चहा. रुपराव प्रत्येक ठिकाणी हात जोडून नाही म्हणत, आणि प्रत्येक ठिकाणी प्रेमिलाबाई त्यांचाही ग्लास घेत. "देवीच्या वाटेवरचं हाये. नाई म्हणू नये." वर पाण्याची बाटली रिकामी करत. ती भरून आणून रुपराव टेकतात तोच पुन्हा रिकामी. "ऊन भल्लं हाये जी," त्या म्हणत. ऑक्टोबरचं ऊन होतंच.

अर्ध्या वाटेवर सिंधूताई फुटपाथवर बसल्या. त्यांचे तळवे भाजून निघाले होते. भजनी मंडळातल्या निम्म्या बायका लंगडत होत्या. प्रेमिलाबाई मात्र सरळ चालल्या होत्या, गिट्टीवरून, वितळलेल्या डांबरावरून, कशाकशावरून. "मले काहीच लागून नाई राह्यलं," त्या सिंधूताईंना सांगत होत्या आणि चेहऱ्यावर असं तेज होतं की रुपरावांना स्वतःच्या बुटांची शरम वाटली. एवढी श्रद्धा! दर्शन झाल्यावर प्रेमिलाबाई हात जोडून म्हणाल्या, "पाहा, मायनं एक खडाबी रुतू देला नाई." रुपरावांनी त्या दिवशी मनापासून नमस्कार केला. नोकरीत असताना देवळाच्या शेजारीच राहूनही तसा कधी केला नव्हता.

ऋषिकेशनं दोघांना गाडीनं घरी आणून सोडलं आणि तो दुपारच्या शिफ्टला हिंगण्याला गेला. प्रेमिलाबाई होत्या तशा दिवाणावर आडव्या झाल्या. रुपरावांनी बूट काढले, आरसा जमिनीवर ठेवला आणि नेहमीप्रमाणे पाहायला वाकले. आरशात रक्त होतं.

"अरे बाप्पा!" म्हणून ते ओरडले. आली, आपलीही वेळ आली. त्यांनी डावा पाय धरला, मग उजवा धरला. दोन्ही कोरडे. मग आरशाचा कोन त्यांच्या लक्षात आला. आरशातला पाय त्यांचा नव्हताच. दिवाणाच्या काठावरून बाहेर आलेला प्रेमिलाबाईंचा होता. टाचेच्या पुढं बाटलीच्या काचेचा हिरवा तुकडा आत रुतला होता, भोवती धूळ आणि रक्त वाळून काळं झालेलं.

"काय झालं जी?" प्रेमिलाबाईंनी झोपेतच विचारलं.

"तुह्या पायात काच हाये वं."

"नाई जी. कशाची काच? काहीच तं नाई लागलं."

"दुखलाच नाई ना!" असं मजेत सांगणारे दादाजी रुपरावांना आठवले. सकाळचे दोन कप आठवले. बर्फी, जिलेबी, वाटेवरचे ग्लास, सारखी रिकामी होणारी बाटली. आणि जिन्याखालच्या खोलीतला तो प्रश्न आठवला, जो त्यांना बायकी वाटला होता. तिचं रक्त तर आजवर कुणी तपासायला दिलंच नव्हतं, मग शुगर निघणार कशी? उठून त्यांनी कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी मोडून आणली आणि बायकोच्या पायाशी खाली बसले.

"डोळे मीट. काडी टेकली का हाव म्हणजो."

"हे काय नवं काढलं?"

"मीट ना वं."

प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले. नवऱ्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून त्या उगाच नीट झाल्या, साडी सारखी केली आणि शाळेत गुरुजींनी विचारल्यासारख्या ताठ पडून राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या.

रुपरावांच्या हातातली काडी अजून हातातच होती.

"हाव," त्या पुन्हा म्हणाल्या. मग जरा जोरात, "हाव!" आणि हसून डोळे उघडले. "झाली ना पास?"

रुपरावांनी काडी बाजूला ठेवली. काचेला हात न लावता त्यांनी आपला धुतलेला रुमाल पायाभोवती सैल गुंडाळला. मग समोर जाऊन गोपाळरावांना स्कूटर काढायला सांगितली. गोपाळरावांनी काचेवर हळदीचा लेप सुचवला, तो रुपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर नाकारला. परत आले ते दोन्ही हातांत निळ्या स्लीपर घेऊन.

"सिस्टर पाचपर्यंत राह्यते. चाल. घाल हे."

"इथूनच? देवासमोरून?" प्रेमिलाबाई उठून बसल्या. आता त्यांनाही भीती वाटायला लागली होती. रुमालाला ओल चढताना त्या पाहत होत्या आणि तरी पायात काही दुखत नव्हतं. "अन् सिस्टरकडे मी काहून? शुगर तं तुमाले हाये ना जी."

रुपराव खाली बसले आणि एक एक करून स्लीपर त्यांच्या पायांत सरकवू लागले. रुमाल गुंडाळलेल्या पायाची चढता चढेना.

"संसारात तुहं-माहं असते काय वं?" ते म्हणाले.

नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या आणि चपला घालून देवघरासमोरून हळूहळू बाहेर आल्या.